एका शाईत पाच रंग: पूर्व आशियाई शाईचित्रं घरी शिकताना

शाईचित्र शिकायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच दिवशी बांबू काढायला घेतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवातीला काहीच काढू नका. कागदावर शाई आणि पाणी कसे वागतात ते नुसतं बघा. या कलेत खोडरबर नाही, वरून पांढरा रंग लावून चूक झाकायची सोय नाही, आणि कागदात मुरलेली शाई परत निघत नाही. या क्षणी कुंचल्यात किती पाणी आहे हे हाताला कळू लागलं, की बांबू, डोंगर, धुकं सगळं हळूहळू जमतं. ते कळत नसेल तर महागडा कुंचलाही काही करू शकत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

मूळ कुठलं

चीनमध्ये थांग राजवटीच्या काळात (618 ते 907) रंग बाजूला ठेवून नुसत्या शाईने निसर्गचित्रं काढली जाऊ लागली. कवी आणि चित्रकार वांग वेई याला या परंपरेचा मूळपुरुष मानतात. 847 मध्ये झांग येनयुआन या लेखकाने लिहून ठेवलं, की शाई नीट वापरता आली तर तिच्यातच पाचही रंग मिळतात. आजही शिकवताना शाईच्या पाच छटा सांगतात, ती कल्पना इतकी जुनी आहे.

सोंग काळात (960 ते 1279) सू शी, वन थोंग यांच्यासारखे विद्वान सरकारी अधिकारी या कलेत उतरले. लिहिणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय. ज्या कुंचल्याने ते कविता आणि दरबारी कागद लिहीत, त्याच कुंचल्याने बांबू काढत. म्हणून शाईचित्रातली रेघ अक्षरासारखी एका दमात ओढलेली असते. बाह्यरेषा काढून आत भरलेली नसते. हे लक्षात आलं की पुढचे निम्मे नियम आपोआप समजतात.

चीनमधल्या ध्यानपंथी, म्हणजे जपानात ज्यांना झेन म्हणतात त्या भिक्षूंबरोबर ही कला जपानात गेली. सेश्शू तोयो हा भिक्षू 1467 मध्ये स्वतः चीनला गेला आणि दोन वर्षांनी परतला. 1495 मध्ये त्याने आपल्या सोएन या शिष्यासाठी काढलेलं निसर्गचित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जवळून पाहिलं तर ओल्या शाईचे काही डाग दिसतात, आणि चार पावलं मागे गेलं की कडा, झाडं, होडी. कोरियात जोंग सोन या चित्रकाराने चिनी डोंगरांची नक्कल सोडून आपल्याच देशातले डोंगर काढले. 1751 मध्ये त्याने पाऊस थांबल्यावरचा इनवांग पर्वत चितारला. त्या डोंगराचा खडक प्रत्यक्षात पांढरट ग्रॅनाइटचा आहे. जोंग सोनने तो गडद शाईच्या जड, रुंद फटकाऱ्यांनी उभा केला, आणि ओला खडक त्यातून अचूक जाणवतो.

आपल्याकडे ‘वॉश’ म्हटलं की बंगाल शैलीतली चित्रं डोळ्यांपुढे येतात. ती पद्धत वेगळी, पण नातं आहे. 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले. त्यांचं काम पाहून अवनींद्रनाथ ठाकुरांनी रंगवलेला कागद पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून धूसर रंग साधण्याची आपली रीत बसवली. पुढे 1916 मध्ये आराई काम्पो हे जपानी चित्रकार भारतात आले, त्यांनी जपानी कुंचल्याचं काम शिकवलं आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीही केल्या. पण बंगाल वॉशमध्ये थरावर थर चढतो. शाईचित्रात एक फटकारा एकदाच पडतो. बंगाल वॉशची सवय असेल तर सुरुवातीला हात थोडा अडेल, एवढं गृहीत धरा.

साहित्य: पैसे कागदावर खर्च करा

चार मुख्य वस्तू लागतात: कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायची शिळा. यात सर्वांत महत्त्वाचा कागद, आणि नेमका तोच लोक चुकीचा घेतात. जलरंगाचा जाड कागद इथे उपयोगाचा नाही. त्याला सरस लावलेला असतो, त्यामुळे शाई वरच तरंगते. शाईचित्राला शाई ताबडतोब पिऊन घेणारा, पातळ कागद हवा.

चीनच्या आनह्वी प्रांतात जिंग परगण्यात बनणारा श्वान कागद यासाठी प्रसिद्ध आहे. छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून तो बनतो. 2009 मध्ये युनेस्कोने ही कारागिरी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. हा कागद दोन प्रकारचा मिळतो. कच्चा कागद शाई पसरू देतो. तुरटी आणि सरस लावून पक्का केलेला कागद शाई रोखून धरतो. तो बारीक रेघांच्या रंगीत कामासाठी असतो. तुम्हाला कच्चा हवा. ओळखायची रीत सोपी: कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच पसरला तर कच्चा, मण्यासारखा उभा राहिला तर पक्का. कागदाची गुळगुळीत बाजू वर ठेवायची.

सरावासाठी बांबूच्या लगद्याचा पिवळसर चिनी कागद स्वस्त पडतो. तोही मिळेपर्यंत कोरा न्यूजप्रिंट चालेल. त्यावर छटा मळकट दिसतात, पण हाताची हालचाल बसते.

कुंचला एकच घ्या, पण बरा घ्या. बकरीच्या केसांचा कुंचला मऊ असतो, भरपूर पाणी धरतो, पण वाकवला की वाकलेलाच राहतो. वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या केसांचा ताठ असतो, पटकन सरळ होतो, पण पाणी कमी धरतो. नवशिक्याला दोन्हींचे मिश्र केस असलेला, साधारण साडेतीन-चार सेंटिमीटर केसांचा, टोकाला नीट निमुळता होणारा कुंचला योग्य. नव्या कुंचल्याचे केस खळ लावून कडक केलेले असतात. साध्या पाण्यात बुडवून ते मुळापर्यंत मऊ होऊ द्या. गरम पाणी लावू नका, मुळाशी लावलेला चिकट पदार्थ सुटतो आणि केस गळू लागतात. काम झाल्यावर साबणाशिवाय धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि टोक खाली करून टांगून ठेवा. उभा ठेवला तर पाणी मुळात उतरतं आणि केस तिथे कुजतात.

शाईबाबत एक कळकळीची सूचना. दुकानात ‘ड्रॉइंग इंक’ म्हणून मिळणारी वॉटरप्रूफ शाई घेऊ नका. अशा शाईत बहुधा लाख किंवा अ‍ॅक्रिलिक असतं. ती कुंचल्यात वाळून दगड होते आणि पाण्यात पातळ केली तरी कागदात सुरेख उतरत नाही. सुलेखनासाठीची चिनी किंवा जपानी बाटलीबंद शाई रोजच्या सरावाला ठीक. शाईची कांडी मिळाली तर मात्र जरूर घ्या. तेलाची किंवा पाइन लाकडाची काजळी सरसात मळून, साच्यात घालून, सावकाश वाळवून ती बनते. तेलाच्या काजळीची शाई उबदार, किंचित तपकिरी झाकेची आणि चमकदार; पाइनच्या काजळीची निळसर आणि मंद. पहिली कांडी तेलाच्या काजळीची असू द्या. जपानात नारा शहर या कांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे.

बाकी वस्तू घरातल्याच: पांढरी चिनी मातीची बशी, पाण्याच्या दोन वाट्या (एक धुण्याची, एक स्वच्छ पाण्याची), जुनं सुती फडकं, कागदावर ठेवायला दोन वजनं, आणि कागदाखाली अंथरायला नमदा किंवा लोकरी ब्लँकेटचा तुकडा. हा तुकडा विसरू नका. टणक टेबलावर ओला कागद चिकटतो, शाई खाली साचते आणि कडा भलत्याच ठिकाणी पसरतात.

शाई उगाळणं

शिळेच्या सपाट भागावर चमचाभरही नाही, थोडंसंच स्वच्छ पाणी घ्या. कांडी उभी धरून हलक्या हाताने गोल फिरवा. सहाणेवर चंदन उगाळताना जो दाब असतो तोच इथे लागतो. जोर केला तर शाई भरड होते. दहा-पंधरा मिनिटांत पाणी दाट, तेलकट दिसायला लागतं आणि कांडी पुढे सरकली तरी मागची वाट क्षणभर तशीच राहते. तेव्हा शाई तयार. अजून हवी असेल तर पुन्हा थोडं पाणी. काम झाल्यावर कांडीचं टोक लगेच पुसा. ती ओली शिळेवर ठेवली तर चिकटून बसते आणि काढताना शिळेचा तुकडा घेऊन येते. उन्हात किंवा पंख्याखाली वाळवली तर चिरा पडतात.

रोज ताजी शाई करा. रात्रभर राहिलेल्या शाईतला सरस बिघडतो आणि काजळीचे कण वेगळे होतात. ह्वांग बिनहोंगसारख्या थोर चित्रकाराने शिळी शाई मुद्दाम वापरली, पण आपला हात बसेपर्यंत ते दूरच ठेवावं.

पाण्याचे चार सराव

पहिला सराव ठिपक्यांचा. कुंचला पाण्यात बुडवा, वाटीच्या कडेला निथळू द्या, टोकाला शाई लावा आणि कागदावर टेकवा. मग फडक्यावर एकदा टिपून पुन्हा टेकवा. मग दोनदा टिपून. शेवटचा ठिपका जवळजवळ कोरडा असेल. प्रत्येक ठिपका किती पसरला, कडेला पाण्याची रेघ आली का, ते बघा. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते सगळ्यांत जास्त हाच शिकवतो.

दुसरा छटांचा. बशीत पाच छटा करा: अगदी घट्ट, गडद, मध्यम, फिकी आणि जेमतेम रंग असलेलं पाणी. प्रत्येकीची पट्टी ओढा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर सगळ्या एक पायरी फिक्या झालेल्या दिसतील. म्हणजे ओलं असताना थोडं जास्त गडद वाटेल असंच काम करायचं.

तिसरा सराव एकाच कुंचल्यात तीन छटा भरण्याचा. आख्खा कुंचला फिक्या शाईत भिजवा. कडेला निथळून निम्म्यापर्यंत मध्यम शाई घ्या. शेवटी फक्त टोक घट्ट शाईत बुडवा. बशीवर दोन-तीनदा हलकं दाबा म्हणजे छटांच्या मधली सीमा मोडेल. आता कुंचला आडवा करून रुंद फटकारा ओढा. टोकाकडची कड काळी आणि मुळाकडची जवळजवळ पांढरी, मधे सगळ्या छटा, असं उतरलं पाहिजे. एका फटकाऱ्यात गोल खोड दिसतं ते यामुळे. सरळ काळा पट्टा आला तर टोकाला शाई जास्त झाली. सगळंच राखाडी आलं तर बशीवर फार घोळवलं.

चौथा कोरड्या कुंचल्याचा. शाई टिपून टाका आणि झपाट्याने ओढा. रेघेत कागदाचा पांढरा रंग फटीफटीतून दिसतो. जुनं खोड, खडक, वाळलेलं गवत यासाठी ही रेघ लागते.

आपल्या हवेचा इथे फार फरक पडतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्यात, कागद आधीच दमट असतो आणि शाई वाटेल तशी पसरते. तेव्हा कुंचल्यात पाणी कमी ठेवा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उलट, फटकारा संपायच्या आत वाळतो. पंखा बंद ठेवून काम करा, किंवा निदान त्याचा झोत कागदावर नको.

पकड आणि रेघ

कुंचला उभा धरायचा, दांड्याच्या मध्यावर. अंगठा एका बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूला, अनामिका मागून आधाराला, करंगळी तिला टेकलेली. पेन्सिलीसारखा तिरपा धरला की सगळं बिघडतं. लहान कामाला मनगट हलकंसं टेकवलं तर चालतं, पण लांब रेघ खांद्यातून यायला हवी. पाठ सरळ, दोन्ही पाय जमिनीवर. उभं राहून काम केलंत तर आणखी बरं.

दोन रेघा शिका. एकीत टोक रेघेच्या मधोमध चालतं: ही भरीव, गोलसर दिसते. दुसरीत कुंचला आडवा, टोक एका कडेला: ही रुंद, एका बाजूला फिकी होत जाणारी. प्रत्येक रेघेला सुरुवात, मधली वाट आणि शेवट असतो. टेका, क्षणभर थांबा, चाला, थांबा, उचला. थांबलेल्या जागी कागद जास्त शाई पितो आणि तिथे गाठ दिसते. बांबूत आपल्याला नेमकी तीच हवी असते.

बांबू

ऑर्किड, बांबू, शेवंती आणि प्लमचा मोहोर या चारांना चिनी परंपरेत चार सज्जन म्हणतात. बांबूपासून सुरुवात करावी, कारण त्यात वर सांगितलेलं सगळं एकत्र येतं. सू शीने आपला मित्र वन थोंग याच्याबद्दल लिहिलं आहे, की कुंचला उचलण्याआधी आख्खा बांबू मनात तयार असायला हवा. हे शब्दशः घ्या. पहिल्या फटकाऱ्याआधी खोड कुठून निघणार, कुठे कलणार आणि कागदाबाहेर कुठे जाणार हे ठरवा.

खोड खालून वर काढा. तीन छटा भरलेला कुंचला आडवा टेकवा, थांबा, वर ढकला, थांबा, उचला. हे एक कांडं झालं. मग अगदी थोडी जागा सोडून पुढचं. खालची कांडी आखूड, मधली लांब, शेंड्याकडे पुन्हा आखूड. आख्ख्या खोडाला शक्यतो कुंचला पुन्हा भरू नका. वर जाताना शाई संपत जाऊन खोड फिकं आणि कोरडं होतं, तसंच ते दिसायला हवं. खोड अर्धवट ओलं असतानाच गाठींच्या रेघा घट्ट शाईने काढा: मधे खोलगट, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेल्या. फार ओल्यावर काढल्या तर पसरतात, पूर्ण वाळल्यावर काढल्या तर वरून चिकटवल्यासारख्या दिसतात.

फांद्या गाठींपासूनच फुटतात, आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला. त्या बारीक, झटपट, टोक मधोमध ठेवून काढायच्या.

पानं सगळ्यांत अवघड. टोक टेकवा, दाबत पुढे जा, मग सरकता सरकता सावकाश उचला, म्हणजे पान आपसूक निमुळतं होतं. उचलण्याआधी हात थांबला तर टोक बोथट होतं, आणि ही चूक प्रत्येकाची होते. दोन, तीन, चार पानांचे झुपके करा. पानांची दिशा एकच असली की वारा दिसतो, खाली झुकली की पाऊस. पुढचे झुपके घट्ट शाईत, मागचे फिक्या शाईत. फिके आधी काढायचे की नंतर यावर मतं वेगळी आहेत. मला आधी गडद काढून मग त्यांच्या मागे फिके सरकवणं सोपं वाटतं. समोरासमोर सारखे झुपके टाळा, आणि कागद भरेपर्यंत पानं काढू नका.

बांबूनंतर ऑर्किडची पानं घ्या. पहिलं पान लांब कमानीसारखं, दुसरं त्याला छेदून जाणारं, त्यामुळे मधे डोळ्यासारखी जागा तयार होते; तिसरं पान त्या डोळ्यातून जातं. पान मधेच वळतं तिथे दाब कमी करा, पुढे पुन्हा वाढवा.

ओल्यावर ओलं

फिकी शाई ओली असताना तिच्यात घट्ट शाईचा थेंब सोडला की तो मऊ कडांनी पसरतो. चिनी चित्रकार छी बायशी (1864–1957) यांच्या प्रसिद्ध कोळंब्या अशाच आहेत: फिक्या, पारदर्शक अंगात ओलं असतानाच टाकलेला गडद ठिपका, आणि त्या ठिपक्यामुळे कोळंबीच्या डोक्याचा आतला भाग दिसतो. उलटही करता येतं, गडद शाईवर स्वच्छ पाणी. दोन्ही करून बघा आणि थेंब टाकण्याआधी किती वेळ थांबलात ते कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवा. ओल किती उरली असताना काय होतं, याचा तुमच्या कागदापुरता तक्ता तयार होतो.

डोंगर

निसर्गचित्राला ठरलेला क्रम आहे. आधी बाह्यरेषा, मग खडकाचा पोत दाखवणाऱ्या रेघा, मग कोरड्या कुंचल्याने घासणं, मग फिक्या शाईचं लेपन, शेवटी शेवाळ-झुडपांचे ठिपके. प्रत्येक पायरी थोडी वाळल्यावर पुढची.

पोताच्या रेघांची नावं आणि प्रकार भरपूर आहेत, दोन पुरेत. तागाच्या धाग्यासारख्या लांब, सैल, समांतर रेघा मातीच्या, गोलसर डोंगरांना लागू होतात. चिनी चित्रकार ह्वांग गोंगवांगने 1350 मध्ये पूर्ण केलेल्या फूछुन डोंगराच्या लांबलचक पटात त्या बघाव्यात. 1650 मध्ये त्या पटाच्या मालकाने मरणापूर्वी तो आपल्याबरोबर नेण्यासाठी जाळायला लावला. पुतण्याने तो आगीतून ओढून काढला, पण दोन तुकडे झाले. एक हांगचौला आहे, दुसरा तैपेईला. 2011 मध्ये ते तैपेईत एकत्र मांडले गेले. दुसरा प्रकार कुऱ्हाडीच्या घावांसारखा: कुंचला आडवा ठेवून मारलेले आखूड, टोकदार घाव. सोंग काळातले चित्रकार मा युआन आणि शिया ग्वेई यांच्या कड्यांत ते आहेत. सह्याद्रीचे बेसाल्टचे कडे काढायचे असतील तर माझा हात आपोआप याच रेघेकडे जातो.

अंतर दाखवायला ग्वो शी या सोंग काळातल्या चित्रकाराने तीन रीती सांगितल्या: पायथ्याशी उभं राहून शिखराकडे पाहणं, समोरच्या डोंगरावरून मागच्या रांगांमध्ये डोकावणं, आणि जवळून लांबवर सपाट नजर टाकणं. त्याचं 1072 चं ‘वसंताची चाहूल’ तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात आहे, आणि त्या एका चित्रात या तिन्ही दृष्टी सापडतात. सुरुवातीला एका चित्रात एकच रीत घ्या.

धुकं रंगवायचं नसतं, सोडायचं असतं. डोंगराच्या पायथ्याकडे येताना कुंचल्यात स्वच्छ पाणी घेऊन कड विरघळवा आणि तिथेच थांबा. जपानी चित्रकार हासेगावा तोहाकु (1539–1610) याच्या पाइनवृक्षांच्या पडद्यांवर बहुतांश कागद कोराच आहे, आणि त्याच कोऱ्या कागदात सगळी झाडं उभी आहेत.

नक्कल करायला लाजू नका

आपल्याकडे नक्कल म्हटलं की कमीपणा वाटतो. या परंपरेत ती शिक्षणाची मुख्य वाट आहे. 1679 मध्ये चीनमध्ये छापला गेलेला ‘मोहरीच्या दाण्याएवढ्या बागेचा’ चित्रपाठ झाडं, दगड, माणसं एकेक फटकाऱ्याने मांडून दाखवतो. चीन, जपान आणि कोरियातले चित्रकार त्यावरून शिकले. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मूळ चित्रांची मोठी छायाचित्रं फुकट बघता येतात. एखादा लहानसा भाग निवडा, त्यातला प्रत्येक फटकारा कुठे सुरू झाला, कुठे थांबला, कुंचला ओला होता की कोरडा हे आधी नुसतं वाचा, मग काढा. त्यानंतर चित्र झाकून आठवणीने काढा. आठवणीतलं चित्र जास्त चुकीचं आणि बहुधा जास्त जिवंत असतं.

चित्र चिकटवणं

वाळल्यावर पातळ कागद सुरकुततो. ते बिघडलं असं समजून फेकू नका. मागून दुसरा कागद चिकटवला की तो ताणला जातो आणि छटाही खुलतात. शाई किमान एक-दोन दिवस वाळू द्या. काही बाटलीबंद शाया पाणी लागताच पसरतात, म्हणून आधी एखाद्या सरावाच्या कागदावर पाणी मारून खात्री करा. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ शिजवून गाळून घ्या. गुळगुळीत टेबलावर चित्र पालथं ठेवा, पाणी फवारा, मऊ रुंद ब्रशने मधून बाहेर सुरकुत्या सारा. मग पाठीवर पातळ खळ लावा. चित्रापेक्षा चारही बाजूंनी मोठा कागद वर अंथरून कोरड्या ब्रशने दाबा, हवा राहू देऊ नका. बाहेर आलेल्या कडांना खळ लावून सगळं सावकाश उचला आणि उभ्या फळीवर चिकटवा. पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. ढोलासारखं ताणलं गेलं की सुरीने कडा कापून काढा. दमट दिवसांत खळीला बुरशी धरते, म्हणून हे काम शक्यतो हिवाळ्यात करा आणि तोवर चित्रं कोऱ्या कागदात गुंडाळून, कोरड्या कपाटात, भिंतीपासून दूर ठेवा.